तीन खुणा आणि त्यांचा अर्थ



१९८२ साल म्हटलं की आपल्या भागातल्या जुन्या बायकांना एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे गिरण्यांचा संप. १८ जानेवारीला संप सुरू झाला. लालबाग, परळ, दादरचे भोंगे गप्प झाले. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, आणि दर महिन्याला गावाकडे येणारी मनीऑर्डर थांबली. बरीच माणसं पेटी-वळकटी घेऊन गावी परतली. त्या संपावर आपण वेगळं बोलू. तो पाच-दहा मिनिटांत उरकण्याचा विषय नाही.

आज त्याच वर्षातली, त्याच मुंबईतली दुसरी गोष्ट. लालबागपासून दहा-अकरा किलोमीटरवर, कुलाब्याच्या टोकाला, समुद्राला अगदी टेकून एक संस्था उभी आहे. तिचं नाव टाटा मूलभूत संशोधन संस्था. मुंबईत तिला टीआयएफआर म्हणतात. तिथल्या शास्त्रज्ञांच्या हाती तेव्हा तीन खुणा आल्या होत्या. फक्त तीन. त्यांचा एक अर्थ धरला, तर जगातली प्रत्येक वस्तू, तुमचा पाटा-वरवंटा, आमचा माइक, सह्याद्रीचा कातळ, सगळं कधी ना कधी विरून जाणार असं म्हणावं लागत होतं. दुसरा अर्थ धरला, तर त्या खुणा नेहमीच्याच होत्या, त्यात नवं काहीच नव्हतं. मोजमाप एकच आणि अर्थ दोन. मग खरं काय धरायचं?

विज्ञानाचं नाव ऐकून रेडिओ बंद करू नका. पेच हिशेबाचा आहे, आणि बचत गटाची वही सांभाळणाऱ्या बाईला हिशेबातला पेच लगेच कळतो.

आधी या संस्थेबद्दल थोडंसं. तिचे संस्थापक होमी भाभा मुंबईचेच, १९०९ चा जन्म. १९४५ मध्ये संस्था बंगळूरला सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईत, पेडर रोडवरच्या एका बंगल्यात आली. १९४९ पासून ती गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबात होती. कुलाब्याच्या आताच्या इमारतीचं उद्घाटन पंडित नेहरूंनी १९६२ मध्ये केलं. यॉट क्लबात आली त्याच वर्षी, १९४९ मध्ये, संस्थेत पहिली स्त्री संशोधक रुजू झाली. तिचं नाव बिभा चौधुरी. बंगालची बाई, जन्म १९१३ चा. तिची गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचा पेच तिच्या आयुष्यात अगोदरच येऊन गेला होता.

आकाशातून आपल्यावर दिवसरात्र अतिसूक्ष्म कणांचा पाऊस पडत असतो. त्याला वैश्विक किरण म्हणतात. आत्ता तुम्ही हात पुढे केलात, तर तळहातातून दर सेकंदाला असा एखादा कण आरपार जाईल. कळणार मात्र काहीच नाही. हे कण दिसत नाहीत, पण विशिष्ट लेप लावलेल्या फोटोच्या काचेवरून गेले की मागे बारीक रेघ सोडतात. बिभाताईंनी आपले गुरू देवेंद्र मोहन बोस यांच्याबरोबर दार्जिलिंगच्या बाजूला, उंच डोंगरावर अशा काचा ठेवल्या. रेघा मोजून त्यांनी एका नव्या कणाचं वजन काढलं. इलेक्ट्रॉनच्या साधारण दोनशे पट. १९४० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांचे लेख छापून आले. पण हा कण नेमका कोणता, हे त्या काचांवरून पक्कं सांगता येईना. चांगल्या लेपाच्या काचा हव्या होत्या, आणि महायुद्ध चालू असल्याने त्या मिळेनात. युद्धानंतर इंग्लंडमधल्या ब्रिस्टल गावी सेसिल पॉवेल यांच्या गटाने सुधारलेल्या काचा वापरल्या, १९४७ मध्ये कण स्पष्ट ओळखला, आणि १९५० चं नोबेल पारितोषिक पॉवेल यांना मिळालं. बिभाताईंना हयातभर मोठा सन्मान लाभला नाही. १९९१ मध्ये त्या गेल्या. २०१९ मध्ये एका ताऱ्याला ‘बिभा’ हे नाव देण्यात आलं. तारा झाला, बरं झालं. पण जिवंतपणी कुणी एक शाल तरी पांघरायला हवी होती असं आम्हाला वाटतं.

ब्रिस्टलच्या त्याच प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काचा तपासण्याचं काम पुष्कळशा तरुण बाया करत. तांदूळ निवडताना एखादा खडा जसा नजरेला टोचतो, तशी वेगळी रेघ त्यांना टोचायची. १९४८ मध्ये रोझमेरी ब्राऊन या बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीला एक रेघ तीन रेघांत फुटलेली दिसली. एक जड कण मोडून त्याचे तीन हलके कण झाले होते.

इथे एक शब्द समजून घेऊ. कण मोडतो त्याला शास्त्रात ‘क्षय’ म्हणतात. आपल्याला क्षय म्हटलं की छातीचा रोग आठवतो, म्हणून आम्ही साधं ‘मोडणं’च म्हणतो. काही कण जन्मतःच मोडतात, काही सावकाश. आणि काही मोडण्याचे प्रकार इतके विरळा असतात की कोट्यवधी कणांत एखाद्याच्याच वाट्याला येतात.

तर रोझमेरीचा तो कण तीन तुकड्यांत मोडला. दुसऱ्या कुणाच्या काचेवर, अगदी त्याच वजनाचा आणि तेवढंच आयुष्य असलेला कण दोन तुकड्यांत मोडलेला दिसत होता. हा एकच कण की दोन वेगळे? पाच-सात वर्षं शास्त्रज्ञ यावर डोकं खाजवत होते. मोजमाप सगळं बरोबर होतं. अडचण एका समजुतीची होती. निसर्ग डावं-उजवं असा भेद करत नाही, आरशात दिसणारी प्रत्येक घटना प्रत्यक्षातही घडू शकते, असं सगळे पक्कं धरून चालले होते. ते खरं असेल तर एकच कण कधी दोन तर कधी तीन तुकड्यांत मोडू शकत नाही. म्हणून कण दोन असलेच पाहिजेत. १९५६ मध्ये ली आणि यांग या दोघांनी विचारलं, हा आरशाचा नियम इथे कुणी तपासून पाहिला आहे का? नव्हता पाहिला कुणीच. चिएन-शिउंग वू या बाईने प्रयोग करून दाखवलं, की अशा मोडण्यात निसर्ग डावं-उजवं पाहतो. कण एकच होता. ली आणि यांग यांना १९५७ चं नोबेल मिळालं, वूबाईंना नाही. रोझमेरीने लग्नानंतर संशोधन सोडलं आणि तीन मुली वाढवल्या. २०२४ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याण्णव्या वर्षी, ब्रिस्टल विद्यापीठाने तिला मानाची डॉक्टरेट दिली.

ब्रिस्टलमध्ये याच कणांवर काम केलेले एम. जी. के. मेनन १९५५ मध्ये मुंबईला टीआयएफआरमध्ये आले. खूण कशी वाचावी आणि वाचताना कोणती समजूत मध्ये येते, याचा धडा बरोबर घेऊनच ते आले असणार.

आता मुंबईची ही माणसं कर्नाटकातल्या कोलारला कशी पोचली ते सांगतो. जमिनीवर कणांचा इतका पाऊस पडतो की त्यात एखादी विरळा घटना शोधणं म्हणजे आषाढातल्या धारेत एक थेंब ओळखणं. त्यासाठी छप्पर हवं, आणि ते जाड हवं. कोलारच्या सोन्याच्या खाणी तेव्हा जगातल्या सर्वांत खोल खाणींपैकी होत्या. टीआयएफआरचे बी. व्ही. श्रीकांतन १९५१ पासूनच तिथे खाली उतरून किरण मोजत होते. पुढे जपानच्या ओसाका शहरातले मियाके आणि त्यांचे सहकारी सामील झाले. खाणीच्या तळाजवळ दोन महिने यंत्र लावून ठेवलं, तर एकही कण नोंदला गेला नाही. एखाद्याने कपाळाला हात लावला असता. या मंडळींना आनंद झाला! एवढी शांत जागा दुसरीकडे मिळणार नव्हती.

त्या शांततेत १९६५ मध्ये त्यांना न्यूट्रिनोच्या खुणा मिळाल्या. न्यूट्रिनो हा असा कण की तो अख्खी पृथ्वी पार करून जातो आणि बहुधा कुणालाच धडकत नाही. वैश्विक किरण हवेवर आदळून तयार होणारे न्यूट्रिनो जगात पहिल्यांदा त्याच वर्षी टिपले गेले, एक कोलारला आणि दुसरीकडे दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणीत, काही आठवड्यांच्या अंतराने. हा न्यूट्रिनो लक्षात ठेवा. गोष्टीत तो पुन्हा येतो, आधी लबाड म्हणून आणि मग वेगळ्याच वेषात.

मग प्रोटॉनचा प्रश्न आला. प्रोटॉन हा प्रत्येक वस्तूच्या पोटातला कण. पाणी, माती, लोखंड, आपलं शरीर, कुठेही पाहा, तो आहेच. तो अमर आहे असंच सगळे मानत आले होते. १९७० नंतरच्या काही वर्षांत हे मत हललं. ओडिशाचे जोगेश पती आणि पाकिस्तानचे अब्दुस सलाम यांनी म्हटलं, प्रोटॉनही मोडू शकेल. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जी आणि ग्लॅशो यांनी निसर्गातली तीन बलं एकाच बलाची रूपं आहेत असा सिद्धांत मांडला. त्यातून प्रोटॉनचं मोडणं आपोआप निघत होतं, आणि किती वर्षांनी मोडेल याचा अंदाजही काढता येत होता. तो अंदाज होता एकावर तीस शून्यांच्या आसपास. विश्वाचं वय आहे सुमारे १३८० कोटी वर्षं, म्हणजे एकावर जेमतेम दहा शून्यं. मग ही गोष्ट तपासणार कोण आणि कधी?

युक्ती साधी आहे. एखादी बाई शंभरी गाठते का हे पाहायला तिच्याजवळ शंभर वर्षं बसावं लागेल. पण सगळ्या जिल्ह्यातल्या बायका मोजल्या, तर याच वर्षी शंभरी पार केलेली कुणीतरी सापडेल. तसंच एका प्रोटॉनकडे पाहत बसायचं नाही, अगणित प्रोटॉन एकत्र ठेवायचे. कोलारला सव्वादोन किलोमीटरहून खोल जागी १४० टन लोखंडाचं यंत्र उभं राहिलं. सहा मीटर लांब, चार मीटर रुंद, चार मीटरांच्या आसपास उंच. लोखंडी पत्रे आणि त्यांच्यामध्ये लांबलचक चौकोनी नळ्या, असे चौतीस थर. नळ्या सुमारे सोळाशे. नळीतून कण गेला की नोंद होते. सगळं सामान पाळण्यातून खाली न्यायचं, तापलेल्या खडकाच्या पोटात जोडायचं. १९८० च्या अखेरीस यंत्र चालू झालं. मेनन, श्रीकांतन, व्ही. एस. नरसिंहम, जपानचे मियाके आणि बाकीचे अनेक जण नोंदींवर नजर ठेवून होते. जगात इतक्या नेटाने प्रोटॉनच्या मरणाची वाट पाहणारं हे पहिलंच मोठं यंत्र होतं.

आता मुख्य पेच. १४० टन लोखंडात प्रोटॉन आणि त्याचे जोडीदार न्यूट्रॉन मिळून आठावर एकतीस शून्यं एवढे कण असतात. आयुष्य एकावर तीस शून्यं वर्षं असेल, तर वर्षाला ऐंशीच्या आसपास मोडतील. एकतीस शून्यं असेल, तर आठ. बत्तीस असेल, तर वर्षाला एकही धड नाही. एका शून्याने केवढा फरक पडतो पाहा. आणि सिद्धांत सांगणारेच म्हणत होते, आमच्या अंदाजात एक-दोन शून्यं इकडेतिकडे होऊ शकतात.

असं का? सिद्धांतवाले आळशी होते म्हणून नव्हे. प्रोटॉन मोडायला एक फार जड कण मध्यस्थी करतो असं ते धरत होते. तो कण कुणी पाहिलेला नाही, कुठल्याही यंत्रात तयार होण्यासारखा नाही. त्याचं वजन दुप्पट धरलं की प्रोटॉनचं आयुष्य सोळा पट होतं, दहापट धरलं की दहा हजार पट. मग ते वजन आणायचं कुठून? आज मोजता येणाऱ्या बलांच्या रेघा पुढे ओढायच्या आणि त्या कुठे एकत्र मिळतात ते पाहायचं. शेताचे दोन बांध एकमेकांकडे किंचित कललेले असले, तर ते पुढे कुठे मिळतील हे इथे उभं राहून सांगा बरं! इथे बोटभर चूक झाली तर तिथे कोसभर होते. दुसरी अडचण प्रोटॉनच्या घरातली. त्याच्या पोटात क्वार्क नावाचे तीन कण सतत फिरत असतात. मोडायचं तर त्यातले दोघे एकाच क्षणी एकाच उंबऱ्यावर यायला हवेत. ते किती वेळा येतात, हे तेव्हा कुणालाच नेमकं मांडता येत नव्हतं. शिवाय प्रोटॉन लोखंडाच्या अणूच्या गर्भात असतो. मोडून निघालेला तुकडा बाहेर पडण्याआधीच शेजाऱ्याने गिळला, तर नळ्यांना दिसणार काय? सुपातून उडालेला दाणा कोंबडीने टिपला तर तो मापात येत नाही, तसं.

हे झालं खऱ्या घटनेचं. तिच्यासारखी दिसणारी खोटी घटना वेगळीच. न्यूट्रिनो एवढ्या खोलवरही येतो, कारण त्याला खडकाची भिंत अडवत नाही. तो क्वचित लोखंडात धडकला, की तिथून एक-दोन कण निघतात आणि नळ्यांत जवळपास प्रोटॉन मोडल्यासारखीच खूण उमटते. वर्षाला असे किती न्यूट्रिनो धडकतील? हाही अंदाजच, त्यातही वीस-तीस टक्क्यांची ओढाताण. त्यातल्या किती धडकांचा चेहरा प्रोटॉनसारखा असेल, हा त्याच्यावरचा आणखी एक अंदाज.

म्हणजे दरवाजावर दोघे येऊन उभे, खरा पाहुणा आणि त्याचं सोंग घेतलेला. खरा किती वेळा येईल माहीत नाही, सोंगाड्या किती वेळा येईल तेही पुरतं माहीत नाही. आणि आलेत तीनच.

तर १९८१ मध्ये गटाने पहिल्या खुणा जाहीर केल्या. १९८२ च्या लेखात त्यांनी तीन घटना पुढे केल्या. या तिन्ही यंत्राच्या पूर्ण आतल्या होत्या, म्हणजे रेघ बाहेरून आत आली किंवा आतून बाहेर गेली असं नव्हतं. त्यातून निघालेली ऊर्जाही प्रोटॉन मोडल्यावर असावी तेवढी वाटत होती. हिशेब केला तर आयुष्य एकावर एकतीस शून्यांच्या जवळपास येत होतं, सिद्धांताच्या टप्प्यातलं. जगभर खळबळ उडाली. पण नळ्या दहा सेंटिमीटर रुंदीच्या, त्यामुळे रेघ जाडीभरडी दिसायची. ती कुठल्या टोकाला सुरू झाली, मध्ये फुटली की नुसती वळली, हे ठामपणे सांगणं अवघड. शंका घेणारे म्हणाले, हे न्यूट्रिनोच असतील.

आम्हाला इथे त्या गटाची भाषा महत्त्वाची वाटते. पहिल्या लेखाच्या मथळ्यात त्यांनी त्या खुणांना ‘उमेदवार’ घटना म्हटलं, दुसऱ्यात ‘सूचक’ म्हटलं. ‘सापडला’ असा शब्द नाही. ग्रामपंचायतीची निवडणूक पाहिलेल्या बाईला उमेदवार आणि निवडून आलेला यातला फरक सांगावा लागत नाही. काही जण आज म्हणतात, त्यांनी घाई केली. आम्हाला तसं वाटत नाही. जे दिसलं ते जसं दिसलं तसं पुढे ठेवलं नसतं, तर इतरांनी ताडून काय पाहिलं असतं? त्यांचा कल प्रोटॉनकडे होता हे खरंच. पहिलं होण्याची ओढ कुणाला नसते?

याच वर्षांत, १९७९ ते १९८२, कुलाब्याच्या त्या इमारतीत पुण्याची एक तरुण बाई काम करत होती. रोहिणी गोडबोले. हुजूरपागेची विद्यार्थिनी, अमेरिकेत डॉक्टरेट करून परतलेली. कोलारच्या यंत्राशी तिचा संबंध नव्हता. ती सिद्धांत मांडणारी, कागदावर हिशेब करणारी. पण तिच्या हिशेबाची जात आजच्या गोष्टीशी फार जवळची आहे. पुढे तिने मुंबई विद्यापीठात बरीच वर्षं शिकवलं. त्या काळात जर्मनीच्या मानुएल ड्रीस यांच्याबरोबर तिने एक गोष्ट दाखवली. नव्या मोठ्या यंत्रांत प्रकाशाचे कण एकमेकांवर आदळून जो नेहमीचा कचरा तयार होईल, तो लोक धरतात त्यापेक्षा खूप जास्त असू शकतो. म्हणजे यंत्र बांधायच्या आधीच तिने सांगितलं, की चाळणीत किती फोलपटं येतील ते मोजा, नाहीतर दाणा ओळखू येणार नाही. २०१९ मध्ये तिला पद्मश्री मिळाली आणि २०२४ मध्ये ती गेली. फोलपटांचा हिशेब करणाऱ्याचं नाव सहसा वर्तमानपत्रात येत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

कोलारच्या खुणांचं पुढे काय झालं? अमेरिकेत क्लीव्हलँडजवळ मिठाच्या खाणीत पाण्याची प्रचंड टाकी बांधली गेली, आठ हजार टन पाण्याची. पाण्यातही प्रोटॉन असतातच. ते कोलारपेक्षा कितीतरी जास्त, आणि खूण अधिक स्पष्ट. १९८३ मध्ये ऐंशी दिवसांच्या नोंदी पाहून त्यांनी जाहीर केलं, की सिद्धांताने सांगितलेल्या मुख्य पद्धतीने एकही प्रोटॉन मोडलेला नाही. म्हणजे त्या पद्धतीचं आयुष्य निदान सहावर एकतीस शून्यं वर्षांहून जास्त.

आता सिद्धांताचा अंदाज पुन्हा काढा. तोवर तो नीट मांडला गेला होता. मधला आकडा पंचेचाळीस कोटी कोटी कोटी कोटी वर्षं (हे आम्ही एकदाच म्हणतो, जीभ वळत नाही), आणि त्याच्या मागेपुढे पन्नास पटींची सूट. सूट एवढी मोठी की बाजारात कुणी हसेल. पण सगळी सूट देऊनही वरचं टोक दोनावर एकतीस शून्यांच्या थोडं पुढे थांबत होतं. मोजमाप म्हणत होतं सहाच्या वर. सिद्धांताचं ते सर्वांत साधं रूप तिथे संपलं. सूट किती द्यायची हे आधीच उघड लिहून ठेवलं होतं, म्हणून निकाल लागू शकला. ‘साधारण एवढं’ असं मोघम म्हटलं असतं, तर वाद आजही चालू राहिला असता.

कोलारच्या तीन घटनांचा निकाल मात्र लगेच लागला नाही, कारण त्या मोडण्याच्या दुसऱ्या प्रकारांच्याही असू शकत होत्या. गटाने २६० टनांचं दुसरं यंत्र उभारलं आणि नोंदी घेत राहिला. जपानमध्ये कामिओका इथल्या खाणीतही १९८३ पासून तीन हजार टन पाण्याची टाकी चालू झाली. वर्षं गेली तशी एकेका प्रकाराची वाट बंद होत गेली. आज अभ्यासक त्या तीन घटना बहुधा न्यूट्रिनोच्याच होत्या असं धरतात.

आता न्यूट्रिनोचा दुसरा वेष. कामिओकाचे लोक प्रोटॉन शोधता शोधता सोंगाड्यांची मोजदाद करत होते, नुसते बाजूला काढण्यासाठी. न्यूट्रिनोचे प्रकार असतात. हवेत तयार होणाऱ्यांत एका प्रकाराचे दोन आणि दुसऱ्याचा एक असं प्रमाण पडतं. एकूण किती, यात वीस-तीस टक्क्यांची ओढाताण. पण दोनास एक या प्रमाणात फारच थोडी. आपल्या गटाने पापड किती लाटले हे पीठ किती आणलं त्यावर बदलेल, पण दर किलोला किती पापड होतात ते फारसं बदलत नाही. तसं. म्हणून त्यांनी एकूण आकडा सोडून प्रमाण पाहिलं. १९८८ मध्ये ते म्हणाले, दोनास एक येत नाही, पहिल्या प्रकारचे कमी पडतात.

तरी शंका राहिलीच. मग त्याच ठिकाणी पन्नास हजार टन पाण्याची सुपर-कामिओकांदे टाकी आली. तिथे त्यांनी आणखी सोपी तुलना केली. डोक्यावरून येणारे न्यूट्रिनो आणि पृथ्वीच्या पलीकडून, पायाखालून येणारे. हवा सगळीकडे सारखीच, म्हणून दोन्ही बाजूंनी सारखेच यायला हवेत. अंदाज दोन्हीकडे चुकला तर सारखाच चुकणार, म्हणजे तुलनेतून तो जवळजवळ निघूनच जातो. १९९८ मध्ये त्यांनी दाखवलं, की खालून येणारे त्या प्रकारचे न्यूट्रिनो निम्म्याच्या आसपास भरतात. लांबच्या वाटेवर ते आपला प्रकार बदलतात, आणि त्याचा अर्थ त्यांना थोडं तरी वजन आहे. ताकाकी काजिता यांना त्यासाठी २०१५ चं नोबेल मिळालं, कॅनडात काम करणाऱ्या आर्थर मॅक्डोनल्ड यांच्यासह. कोलारच्या अंधारात १९६५ मध्ये मुंबईकरांनी टिपले ते याच जातीचे कण. वीस वर्षांनी सगळे त्यांना अडगळ म्हणून बाजूला काढत होते.

प्रोटॉन मोडताना अजून कुणी पाहिलेला नाही. सुपर-कामिओकांदेच्या नोंदींप्रमाणे त्या मुख्य पद्धतीने त्याचं आयुष्य दोनावर चौतीस शून्यं वर्षांहून जास्त आहे. जपानमध्ये आता अडीच लाख टन पाण्याची नवी टाकी होते आहे. कोलारमधलं काम १९९० नंतर लवकरच आटोपतं घ्यावं लागलं. खाण तोट्यात होती, खोल मजले एकेक करून सोडले जात होते. २००१ मध्ये खाण बंद झाली. उपसणारे पंप थांबले, आणि ज्या मजल्यांवर ते यंत्र उभं होतं तिथे आता पाणी भरलेलं आहे.